न समजता लिहिणारा लेखनिक



व्याख्यानाआधी आज दुपारी मी लेण्याद्रीवर जाऊन आले. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलं की सातव्या लेण्यात गिरिजात्मज. अष्टविनायकांपैकी बौद्ध लेण्यात वसलेला हा एकटाच गणपती. दर्शन झाल्यावर शेजारच्या सहाव्या लेण्यासमोर बराच वेळ उभी राहिले. ते चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. भाषा प्राकृत. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चेतियघर दान दिलं, एवढाच तिचा मजकूर. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. कोणी सोनार म्हणतात, कोणी खजिनदार. ओळीत 'देयधम' हा शब्द येतो. धर्मासाठी दिलेली वस्तू.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी ही ओळ मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी सातवीत होते. आम्ही पोरं 'काय लिहिलंय, काय लिहिलंय' म्हणून त्यांच्यामागे लागलो. त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, आधी मोजा. एकसारखी दिसणारी अक्षरं किती, कोणतं पुन्हा पुन्हा येतं, कुठे येतं. आम्ही पाटीवर आकृत्या काढून मोजलं. मग ते म्हणाले, आता सांगा, एवढ्या उंचीवर, एवढ्या कष्टानं, माणूस काय लिहून ठेवील? हे दोन प्रश्न त्यांनी याच क्रमानं विचारले. पुढे माझं सगळं आयुष्य पुण्यात अक्षरं मोजण्यात गेलं. ती अक्षरं दगडावरची नव्हती, पेशीतली होती. गुरुजींचा पहिला प्रश्न मी आयुष्यभर विचारला. दुसरा विचारायला मात्र फार उशिरा शिकले. आजचं व्याख्यान त्या उशिराबद्दल आहे.

डीएनए म्हणजे काय हे इथल्या दहावीच्या मुलांनाही ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. चार रासायनिक घटक एका लांब माळेत ओवलेले असतात. त्यांना आपण ए, टी, जी, सी म्हणतो. माणसाच्या एका संचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरं. त्यांतल्या काही भागांवरून प्रथिनं तयार होतात. तिथे तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरायचा. असे ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ वीस अमिनो आम्लांपैकी कोणतं ना कोणतं सुचवतात आणि उरलेले तीन 'थांब' म्हणतात. १९६१ साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी यातला पहिला शब्द वाचला. पुढे हरगोविंद खोराना यांनी आपल्याला हवे तसे शब्द प्रयोगशाळेत जुळवून बाकीच्या कोशाला हात घातला. १९६८ च्या नोबेलमध्ये ते निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर होते. अक्षर, शब्द, कोश, भाषांतर, विरामचिन्ह हे सगळं बोलणं भाषेच्या शास्त्रातून उचललेलं आहे. तेव्हा पुढचा विचार साहजिकच होता: भाषा तपासण्याची जी हत्यारं आहेत, ती इथेही चालवून पाहावीत.

पण पहिल्याच पावलाला अडचण येते. या मजकुरात शब्द तोडलेले नाहीत. ज्यांनी मोडी कागद वाचलेत त्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवत अक्षरं लिहीत जायचं. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. चुकीच्या जागी तोडलं तर माणसाचं नाव गावाच्या नावात शिरतं. डीएनएमध्ये हा धोका किती मोठा आहे ते दाखवायला मी एक वाक्य जुळवलंय. त्यातला प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे: 'मदन फणस उचल वजन कळव.' आता लिहिताना 'फणस'मधला फ गळाला, आणि वाचणारा तीन-तीन अक्षरांचीच तोड धरून पुढे चालला, तर तो वाचेल: 'मदन णसउ चलव जनक ळव.' एका अक्षरानं पुढचं सगळं वाक्य बिघडलं. पेशीतही नेमकं हेच होतं. गळालेलं एक अक्षर अख्खं प्रथिन निकामी करू शकतं.

आता त्या बिघडलेल्या वाक्याकडे पुन्हा पाहा. त्यात 'जनक' निघाला. चांगला अर्थपूर्ण शब्द आहे. पण तो कोणी लिहिलेला नाही, वजनातल्या 'जन'ला कळवमधला 'क' योगायोगानं चिकटला. अर्थ दिसतो आणि अर्थ नसतो. माझ्या विषयात तीस वर्षांपूर्वी एक मोठा वाद झाला, त्याचं मूळ या 'जनक'मध्ये आहे.

जॉर्ज झिफ नावाचे अमेरिकन भाषाभ्यासक होते. पुस्तकातले शब्द मोजून जास्त येणाऱ्यापासून कमी येणाऱ्यापर्यंत क्रम लावला, तर त्यांत एक ठराविक उतार दिसतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पहिल्या क्रमांकाचा शब्द हजार वेळा आला असेल, तर दहाव्या क्रमांकाचा साधारण शंभर वेळा येतो. मराठीतलं कोणतंही जाडसं पुस्तक घ्या. 'आणि', 'आहे', 'हा' असे शब्द वर येतील, आणि आयुष्यात एकदाच भेटणाऱ्या शब्दांची खाली रांग लागेल. आलेखाच्या खास कागदावर हा उतार जवळजवळ सरळ रेषेत पडतो.

१९९४ साली बोस्टनमधल्या एका गटानं, त्यात मांतेन्या आणि स्टॅन्ली ही नावं होती, हीच मोजणी डीएनएवर केली. शब्द तोडलेले नसल्यामुळे त्यांनी ठराविक अक्षरांची खिडकी केली आणि ती एकेक अक्षर पुढे सरकवत नेली. त्यांना आढळलं ते चकित करणारं होतं. प्रथिनं घडवणाऱ्या भागांपेक्षा न घडवणारे भाग माणसाच्या भाषेशी जास्त जुळत होते. त्या काळी अनेक जण त्या भागांना सरळ 'कचरा' म्हणत. क्लॉड शॅननच्या पद्धतीनं पुनरुक्ती मोजली, तर तीही याच भागांत अधिक. निबंधाचा सूर सावध होता: इथे काही जैविक माहिती असू शकेल. पण बाहेर बातमी पसरली ती अशी की कचऱ्यात भाषा सापडली.

मी तेव्हा पुण्यात नुकती कामाला लागले होते. यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राची तीन लाखांवर अक्षरं १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. मी ती घेतली, खिडकी सरकवली, आलेख काढला. उतार पडला. त्या रात्री मला झोप आली नाही. लेण्याद्रीवरच्या पाटीची आठवण झाली आणि वाटलं, आपणही एका न वाचलेल्या लेखासमोर उभ्या आहोत.

दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सुचवलं म्हणून मी दुसरा आलेख काढला. त्याच अक्षरांची पत्त्यांसारखी पिसणी केली. यीस्टमध्ये ए आणि टी मिळून बासष्ट टक्क्यांच्या आसपास असतात, ते प्रमाण तसंच ठेवलं, फक्त क्रम उधळून टाकला. आता या माळेत कसलाही अर्थ शिल्लक नव्हता. तरीही उतार दिसला. पहिल्याइतका नाही, पण मान खाली घालावी इतका. काही अक्षरं जास्त आणि काही कमी असली की त्यांच्यापासून होणारे काही 'शब्द' आपोआप जास्त येतात आणि काही कमी, एवढीच ती गोष्ट होती. वेंटियन ली यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं की यदृच्छेनं बडवलेल्या कळांतून उमटलेला मजकूरसुद्धा झिफच्या उताराजवळ जातो. १९९६ साली बोस्टनच्या निबंधावरच्या हरकती त्याच नियतकालिकात छापून आल्या. अक्षरांचं असमान प्रमाण आणि लांब पल्ल्याचा गोंगाट एवढ्यानंही हा उतार पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं. आजही पटतं.

तुमच्या शेजारी, खोडदला, रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाश ऐकतात. तिथल्या माणसांची निम्मी मेहनत याच कामात जाते: मोटारीच्या ठिणगीचा आवाज बाजूला काढायचा आणि ताऱ्याचा ठेवायचा. आलेखावर रेघ उमटली म्हणजे कोणी बोललं असं त्यांनी मानलं असतं, तर रोज एक नवा तारा सापडला असता.

मग मोजणी व्यर्थ आहे का? यासाठी मी ब्राह्मीकडे परत जाते.

१८३७ पर्यंत लेण्याद्रीची ओळ कोणालाही वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत धातू पारखण्याच्या कामावर होते. त्यांच्याकडे सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यांवरचे बरेच छोटे छोटे लेख नकलून आले. त्यांनी ते एकाखाली एक मांडले आणि मोजले. जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपत होता, शेवटी अनुस्वाराचा ठिपका, आणि त्याआधी बहुधा एकच ठराविक अक्षर. इथवर हे झिफचंच काम झालं. इथे थांबले असते तर प्रिन्सेप यांनी एक उत्तम आलेख मागे ठेवला असता आणि ओळ मुकी राहिली असती. त्यांनी पुढे स्वतःला विचारलं, देवळातल्या खांबांवर, पायऱ्यांवर लोक छोटे छोटे लेख कशासाठी लिहितात? दान दिल्याची नोंद म्हणून. म्हणजे शेवटची दोन अक्षरं 'दानं', आणि त्याआधीचं अक्षर षष्ठीचा 'स': अमक्याचं दान. 'द', 'न' आणि 'स' हाती लागले, आणि त्यांच्या आधारानं बाकीची लिपी थोड्याच काळात उलगडली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या माणसांनी नाणेघाटातले आणि जुन्नरच्या डोंगरांतले लेख वाचले. नागनिका राणीचं नाव, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, दान देणारे यवन, अशा सगळ्यांना पुन्हा तोंड फुटलं.

आमचे गुरुजी सातवीच्या वर्गाला शिकवत होते ती ही रीत. आमच्या विषयात तो दुसरा प्रश्न कोणता? इथे माणूस दान देत नाही. मुळात लिहिणाराच कोणी नाही. मग 'इथे कोण काय लिहील' असं कोणाला विचारायचं?

याचं उत्तर मला गिरिजात्मजाच्या कथेत सापडलं. महाभारत सांगायला व्यास बसले, लिहायला गणपती. गणपतीची अट अशी की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट अशी की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. लहानपणी मला ही कथा गमतीची वाटायची. आता वाटतं, लेखनिक म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या कोणी केलेली नाही. डीएनएची नक्कल करणारा जो प्रथिनरूपी लेखनिक पेशीत बसलेला आहे, तो गणपतीची अट पाळतो आणि व्यासांची पाळत नाही. तो थांबत नाही. त्याला काहीही समजत नाही. समोर ए आला की पलीकडे टी, जी आला की सी. गेली साडेतीन अब्ज वर्षं तो एवढंच करत आला आहे.

म्हणून माझं मत असं झालं आहे, आणि ते आज या गावात सांगायला मला बरं वाटतं: डीएनए ही बोललेली भाषा नाही, ती नकलून नकलून आलेली पोथी आहे. भाषाशास्त्राची जी अंगं बोलण्याचा विचार करतात ती इथे थोडी चालतात. जी अंगं पोथ्यांचा विचार करतात, ती मात्र अगदी मुळापर्यंत चालतात. आणि पोथ्यांचा विचार करणारा एक थोर माणूस आपल्याकडे होऊन गेला.

विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला भाषाशास्त्र. १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत त्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रं हातात घेतली. काश्मीरच्या शारदेपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत शेकडो पोथ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. मूळ पोथी कुठेच नाही. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली रीत मांडली. सारांशानं सांगायचं तर अशी: उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्या फार पूर्वी वेगळ्या झाल्या. त्यानंतर प्रत्येकीनं आपापल्या चुका केल्या, आपापल्या भरी घातल्या. तेव्हा एकमेकींशी संबंध न राहिलेल्या या दोन शाखा जिथे अक्षरशः जुळतात, तो पाठ फुटण्याआधीचा. सुकथनकर १९४३ साली गेले. काम १९६६ मध्ये पुरं झालं.

एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. गणपती लेखनिक झाल्याची जी कथा मी आत्ता सांगितली, ती सगळ्या शाखांत सापडत नाही. म्हणून सुकथनकरांनी ती मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. टाकून दिली नाही. पुढच्या माणसाला पाहता यावी म्हणून पुराव्यासकट, कोणत्या पोथ्यांत आहे त्या नोंदींसह जपून ठेवली. गणपतीवर भक्ती असलेल्या महाराष्ट्रात बसून त्यांनी हे केलं. या प्रामाणिकपणापुढे मी दरवेळी नमते.

आता हीच रीत पेशीत नेऊ. माणूस आणि उंदीर यांच्या शाखा सात-आठ कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. मधल्या काळात दोन्हीकडे नकला होत राहिल्या, चुका साठत गेल्या. ज्या मजकुराला काही काम नाही त्यातल्या चुका कोणी सुधारत नाही, त्यामुळे तो दोन्हीकडे वेगवेगळा झिजतो. ज्याला काम आहे, त्यात चूक झालेला जीव मागे पडतो आणि मजकूर जुना राहतो. म्हणजे उत्तरेची आणि दक्षिणेची पोथी जिथे जुळते तिथे अर्थ आहे. २००२ मध्ये उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही पोथ्या शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. अशा जपलेल्या मजकुराचं प्रमाण सुमारे पाच टक्के निघालं. प्रथिनं घडवणारा भाग मात्र दोन टक्क्यांच्याही आत आहे. याचा अर्थ, त्या तथाकथित कचऱ्यात प्रथिनांच्या भागाहून अधिक असा मजकूर आहे की ज्याला निसर्गानं कोट्यवधी वर्षं हात लावू दिलेला नाही. बोस्टनच्या गटाला जे वाटलं होतं त्यात तथ्य होतं. पण ते झिफच्या उतारानं सिद्ध झालं नाही. पोथ्या ताडून सिद्ध झालं.

त्याच वर्षी, २००२ मध्ये, फिनलंडमध्ये आणखी एक अक्षर वाचलं गेलं. काही कुटुंबांत मोठ्या माणसांना दूध पचतं, काहींत पचत नाही. दोघांची अक्षरं ताडून पाहिली, तेव्हा दूध पचवणारं प्रथिन घडवणाऱ्या जनुकाच्या १३,९१० अक्षरं अलीकडे एका ठिकाणी सी च्या जागी टी आढळला. तो शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या पोटातल्या, प्रथिन न घडवणाऱ्या तुकड्यात होता. पुढे भारतातल्या माणसांतही हाच बदल सापडला. या अक्षराचा अर्थ घराघरातल्या दुधाच्या पेल्याशी जोडल्यावर लागला. प्रिन्सेप यांना 'दानं' देवळातल्या रिवाजाशी जोडल्यावर लागला, तसाच.

पोथीच्या विद्येतलं दुसरं सूत्र चुकांचं आहे. शिक्षकांना ते पाठच असतं. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यावरून काही ठरत नाही. दोघांची चूक अक्षरशः सारखी आली तर एकानं दुसऱ्याचं पाहिलेलं असतं. सस्तन प्राण्यांपैकी बहुतेक जण क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. आपण बनवू शकत नाही. त्यासाठीचं शेवटचं जनुक आपल्या जीनोममध्ये आहे, पण मोडकं. चिंपांझीचंही मोडकं आहे, मकाक माकडाचंही. आपल्या सामायिक पूर्वजाच्या पोथीत ते एकदा बिघडलं आणि तीच बिघडलेली प्रत आपण सगळे नकलत आलो. म्हणून भीमाशंकरच्या रानातला आवळा आपल्याला औषध वाटतो. गिनी पिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याची मोडतोड वेगळी आहे. त्यानं आपली चूक स्वतंत्रपणे केली.

पोथी नकलणाऱ्याच्या हातून तीच अक्षरं दोनदा लिहिली जातात, हे संपादकांना नेहमीचं. डोळा ओळीवरून घसरतो आणि 'राम राम' च्या जागी 'राम राम राम' होतं. जिथे मुळातच एकसारखे शब्द लागोपाठ आहेत, तिथे हे जास्त घडतं. पेशीतला लेखनिकही तिथेच घसरतो. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे. एका जनुकात सी-ए-जी हा शब्द लागोपाठ येतो, एरवी साधारण सत्तावीसच्या आत. नकलताना घसरून ही संख्या चाळीस किंवा त्याहून वर गेली, की तो आजार आयुष्यात कधीतरी गाठतोच. एका शब्दाची पुनरुक्ती, आणि एका घरातल्या पिढ्यांचं दुःख. या घसरणीचा एक चांगला उपयोगही आहे. अशा आवर्तनांची संख्या प्रत्येक जिवात थोडी वेगळी असते, त्यामुळे ती ओळखपत्रासारखी वापरता येते. उसात वावरणाऱ्या, दिसण्याआधीच निघून जाणाऱ्या बिबट्याची विष्ठा मिळाली, तरी तिच्यातल्या डीएनएमधली आवर्तनं मोजून हा कालचाच की दुसरा, हे सांगता येतं. माणिकडोहच्या निवारा केंद्राजवळ राहणाऱ्यांना या प्रश्नाचं मोल मी काय सांगावं.

न समजता तंतोतंत जपायचं कसं, हे आपल्या परंपरेला फार आधी उमगलेलं आहे. वेदपाठाच्या रीती पाहा. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा असे शब्द जोडून म्हणतात. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. घनपाठात ही वीण आणखी घट्ट होते. प्रत्येक शब्दाला शेजाऱ्याची साक्ष दिलेली आहे. एक शब्द बदलला तर साक्ष चुकते आणि ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतं. याच जुन्नर तालुक्यात आळ्याला, ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद म्हणवले त्या रेड्याची समाधी आहे, तिथे नमस्कार करताना मला नेहमी वाटतं की उच्चाराचं पावित्र्य अर्थ कळण्यावर अवलंबून नाही, हे त्या कथेला ठाऊक आहे. डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या साक्षीदार आहेत. एकीवर चूक झाली तर दुसरीकडे पाहून दुरुस्ती करणारी वेगळी यंत्रणा पेशीत आहे. ती उलगडणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि सँकर यांना २०१५ चं नोबेल मिळालं. या सगळ्या तपासणीनंतर अब्जभर अक्षरांमागे एखादीच चूक उरते. तरीही प्रत्येक बाळ आईवडिलांच्या पोथीत नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्मतं.

व्याकरणाबद्दल थोडंच बोलते. डेव्हिड सर्ल्स यांनी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीची व्याकरणाची उतरंड जनुकांना लावून पाहिली, आणि आरएनएच्या बाबतीत ती सुरेख लागू पडली. आरएनएची पट्टी स्वतःवरच दुमडते. पहिलं अक्षर शेवटच्याशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी. 'चिमा काय कामाची' हे वाक्य लहानपणी आपण उलटसुलट वाचलेलं आहे. तिथे तीच अक्षरं समोरासमोर येतात, इथे जोडीदार अक्षरं येतात, पण बांधणी तीच. अशा एकात एक बसणाऱ्या जोड्यांसाठी चॉम्स्कीच्या दुसऱ्या पायरीचं व्याकरण पुरतं. हे खरं काम आहे. पण इथे व्याकरणाला रसायनाचा आधार आहे. अक्षरं खरोखर एकमेकांना धरतात, म्हणून ते लागू पडतं.

मोजणीलाही असा आधार देता येतो. आपल्या पुणे विद्यापीठात अशोक कोळसकर आणि प्रसाद टोणगावकर यांनी १९९० मध्ये एक पद्धत बसवली. प्रथिनाची नुसती अक्षरमाला पाहून, आपलं शरीर त्यातला कोणता तुकडा परका म्हणून ओळखेल याचा ती अंदाज देते. अचूकता सुमारे ७५ टक्के. प्रयोगांत आधीच सिद्ध झालेले तुकडे घेऊन त्यांत कोणतं अमिनो आम्ल किती वेळा येतं हे त्यांनी मोजलं. मोजणीच ती. पण कशातली मोजणी, हे आधी ठरवून केलेली. लशीचं काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ही पद्धत अजून वापरतात. विद्यार्थ्यांना मी ती मुद्दाम शिकवते.

आता यंत्रं आली आहेत. ज्या घडणीची यंत्रं मराठी वाक्य पूर्ण करतात, त्याच घडणीची यंत्रं २०२१ पासून डीएनएवर शिकवली जात आहेत. झाकलेलं अक्षर ती बऱ्यापैकी ओळखतात. प्रथिनाची घडी कशी पडेल हे सांगणाऱ्या यंत्राच्या कामाला तर २०२४ चं नोबेल मिळालं. मला त्यातली एक गोष्ट फार भावली. एका प्रथिनाची घडी सांगण्याआधी ते यंत्र शेकडो, हजारो नातलग जिवांमधली तीच माला शोधून एकाखाली एक मांडतं. कोणती दोन अक्षरं जोडीनं बदलत आली आहेत ते पाहतं, कारण जोडीनं बदलणारी अक्षरं घडीत बहुधा शेजारी असतात. भांडारकर संस्थेत पोथ्या एकाखाली एक मांडून बसलेल्या माणसांनी हे पाहिलं असतं, तर ते लगेच ओळखीचं हसले असते.

एकट्या पोथीवर शिकलेल्या यंत्रांबद्दल मी अजून सावध आहे. ती 'जनक' फार सहज वाचतात. एखाद्या रुग्णाच्या अहवालात यंत्र म्हणेल, हा बदल घातक दिसतो. तेव्हा मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते, आधी अक्षरं पिसून तोच आलेख काढा. मग नातलगांच्या पोथ्या काढा. आणि मग त्या घरी जा, त्या माणसाला काय होतं ते विचारा. तिसरं काम सगळ्यांत जास्त वेळ खातं. ते टाळण्याचा मोह मीही कित्येक वर्षं केला.

आज या मंडपात शाळेची बरीच मुलं दिसत आहेत. उद्या रविवार. सकाळी ऊन चढायच्या आत वर जा. सहाव्या लेण्यासमोर दर्शनी भागाकडे पाहा. ब्राह्मीतला 'क' अधिकच्या चिन्हासारखा असतो. कल्याणचा क तिथे शोधा. मग 'स' शोधा. तो एकदा ओळखला की कल्याणच्या, हेरणिकाच्या मुलाच्या, सुलसदताच्या मागोमाग पुन्हा पुन्हा भेटेल. किती वेळा भेटला ते वहीत लिहून ठेवा, आणि खाली उतरल्यावर मला सांगा. मी दहा वाजेपर्यंत पायथ्याशी थांबणार आहे.